होत आलंय

लातूरला शिकायला आलो त्या दिवशी घरमालकांनी मला खोली दाखवली, कॉट दाखवली, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं आणि मग म्हणाले, "आता डोळे मीट."

मी मीटले. धर्माबादहून पहिल्यांदाच घर सोडून आलो होतो. घरमालक सांगेल ते करायचं, एवढं वडिलांनी बजावलेलं होतं.

"आता चालत अंगणात ये. बघायचं न्हाई. पळायचंबी न्हाई."

मी आधी कॉटला अडखळलो, मग ट्रंकेला, आणि शेवटी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. ते हसले नाहीत. "पुन्यांदा," म्हणाले. संध्याकाळपर्यंत मला त्यांनी कितीदा तरी आत-बाहेर करायला लावलं. एकदाचा मी कशालाही न धडकता अंगणातल्या तुळशीपाशी पोचलो, तेव्हा त्यांनी मान हलवली. "होत आलंय," म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

'होत आलंय' ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी होती, हे कळायला मला वर्ष लागलं. 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच. जेवण झालं का विचारलं तरी म्हणायचे, होत आलंय.

लातुरात दर दुसरा माणूस सर असतो. फिजिक्सचे सर, बायोलॉजीचे सर, ज्यांचे फोटो चौकाचौकांत फ्लेक्सवर झळकतात ते मोठे सर. आमचे सर त्यांतले नव्हते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. तरीही गल्लीत नुसतं 'सर' म्हटलं की तेच. बुटके, रुंद खांद्यांचे, कानामागे कायम पेन्सिल. खिशात सुतळीला बांधलेला पितळी ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला वापरतात तो. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी त्यांची नजर भिंतींवरून फिरायची. एखादी भिंत डोळ्यांत खुपली की ओळंबा बाहेर. शेजारच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याही मंडळी पेढे खात असताना हे खुर्चीवर चढून तिथल्या खांबाला सुतळी लावत होते. त्यानंतर त्यांना बऱ्याच ठिकाणी बोलावणं येईना. त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही.

आमची गल्ली तेव्हा वर वर चढत होती. शिकायला येणारी मुलं दरवर्षी वाढत होती आणि प्रत्येक घरमालक एकेक मजला टाकत होता. खाली दुकान, वर खोल्या, त्याच्यावर आणखी खोल्या, गच्चीवर पत्रे ठोकून मेस. सरांचं घर तेवढं बसकं राहिलं. ओळीत चार खोल्या, वर हलके पत्रे, मधे अंगण. बिल्डर यायचे, नकाशे पसरायचे. सर नकाशा नीट बघायचे, एखादी रेघ चुकली असेल तर पेन्सिलीनं सुधारून द्यायचे आणि म्हणायचे, "वर चढवलेलं खाली येतं."

खोल्यांच्या दारांना कड्या नव्हत्या. कडीच्या जागी सुतळीचा फास. चोरी झाली तर, असं मुलांचे वडील विचारायचे. "चोर काय नेईल? पुस्तकं? नेऊ द्या, वाचंल बिचारा." स्वतः ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. थंडीत, पावसात, तापानं फणफणले असतानाही. त्या शेडला दारच नव्हतं.

हे सगळं त्र्याण्णवच्या भूकंपामुळं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. लातूर जिल्ह्यात त्या पिढीच्या माणसाचं काही चमत्कारिक दिसलं की लोक फार खोलात जात नाहीत.

पुढं मला मेडिकलला नंबर लागला नाही. दुसऱ्यांदाही लागला नाही. गावी जाऊन काय सांगायचं, म्हणून एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायचं काम धरलं आणि त्याच खोलीत राहिलो. त्यामुळं सरांना इतर मुलांनी पाहिलं त्यापेक्षा मी जास्त पाहिलं.

सर पुढं जी डेस्कं बनवू लागले त्यांची सुरुवात माझ्यापासूनच झाली. मी कॉटवर मांडी घालून, वाकून वाचायचो. पाठ धरली. सरांनी दोन दिवस माझं बसणं पाहिलं, पट्टीनं माझ्या मांडीची आणि कोपराची उंची मोजली आणि एक बसकं डेस्क बनवलं. पूर्वी मुनीम लोक पुढ्यात घेऊन बसायचे तसं, वरची फळी उतरती; पण याचे पाय आत मिटायचे, म्हणजे कॉटखाली सरकवता यायचं. सुतारकाम त्यांच्या जुन्या दोस्ताचं. त्यांना आम्ही मिस्त्रीचाचा म्हणायचो. औशाचे, पिढीजात सुतार, तोंडानं फटकळ.

डेस्क मला आवडलं. आठवड्यानं सरांनी ते परत नेलं. एक पाय हालतो म्हणाले. पंधरा दिवसांनी आणून दिलं, पुन्हा नेलं. मिस्त्रीचाचा अंगणात उकिडवे बसून तोच पाय पुन्हा खोलत होते.

"सर, पाया बराबर हाय. तुमची जमीनच वाकडी हाय."

"जमीन माझ्या हातात न्हाई, मिस्त्री. पाय हाय."

"मंग मीच जातो वरती, अल्लामियाँला म्हणतो, जमीन सीधी कर. सरांचं डेस्क हालतंय!"

सर पेन्सिलीनं खूण करत राहिले.

हळूहळू घरातल्या प्रत्येक मुलाला डेस्क मिळालं आणि प्रत्येकाचं अधूनमधून जप्त होऊ लागलं. बाहेरची मुलं विचारायला यायची, आमाला विकत द्या. सर एकच सांगायचे. होत आलंय. असं कैक वर्षं होत आलं.

सरांची मुलगी, तिला आम्ही ताई म्हणायचो, सासर सोडून आलेली होती. चाकूरला दिलं होतं; तिथं काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. आमची मेस तीच चालवायची. वडिलांचा वेडेपणा तिनं घरातल्या जुन्या खांबासारखा धरला होता: आहे, त्याच्या बाजूनं जायचं. पण मग कोरोनाचं आलं. क्लास बंद झाले, मुलांना न्यायला गाड्या आल्या आणि सगळं लातूर दोन-चार दिवसांत रिकामं झालं. ज्या गल्लीत रात्रंदिवस सायकलींच्या घंट्या वाजायच्या तिथं भर दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपू लागली. खोल्या बंद, मेस बंद. माझं टायपिंग तेवढं चालू होतं, कारण परीक्षा आता मोबाईलवर घेत होते.

त्या दिवसांत गावी गेलेल्या मुलांचे फोन येऊ लागले. भुईवर बसून, मोबाईल डब्याला टेकवून शिकत होती बिचारी. "सर, माझं डेस्क पाठवता का?" एकानं विचारलं, मग दुसऱ्यानं. एकाच्या चुलतभावालाही हवं होतं.

ताईनं ठरवून टाकलं. ऑनलाईन विकायचं. मला म्हणाली, "तू फोटो काढ, काय लिहायचं ते लिही. मी पाठवायचं बघते. मिस्त्रीचाचाला मी बोललेय."

"आणि सर?"

"त्यांना इचारलं तर पुढच्या जन्मात."

फोटो मी अंगणात काढले. फळीला वरच्या बाजूनं मोबाईल उभा राहील अशी खाच मिस्त्रीचाचांनी पाडली होती. नाव ताईनं ठेवलं, 'बैठक'. मोबाईलवरच पान तयार केलं आणि टाकायच्या आधी सरांना दाखवलं. लपवून करावं असं ताईच्या मनात होतं, पण ऐन वेळी तिलाच ते बरं वाटेना.

सरांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. मी लिहिलं होतं, मजबूत, सुंदर, अभ्यासासाठी उत्तम.

"हे खोटं हाय," ते म्हणाले.

"बाबा, सगळे असंच लिवतात."

"लिवू देत. एक पाय हालतो ते कुठं लिहिलंय?"

अर्धा दिवस वाद झाला. शेवटी सरांनी सांगितलं तसं लिहिलं तरच, या अटीवर ते पान सुरू झालं. त्यात असं होतं: 'डेस्कचा एक पाय किंचित हालतो. जमीन सपाट असावी. फळीला गाठ असू शकते. याहून चांगले डेस्क बनवणे चालू आहे. थांबता येत असेल तर थांबावे.'

ताईनं कपाळावर हात मारला. मलाही वाटलं, संपलं. पण परभणीहून एका बाईंचा फोन आला. त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, जो दुकानदार असं लिहितो त्याच्याकडूनच मला घ्यायचंय.

पहिलं पार्सल मी आणि ताईनं बांधलं, जुन्या चादरीचे तुकडे घालून, आणि कुरिअरच्या ऑफिसात देऊन आलो. दुपारी सर दिसेनात. सायकलही नव्हती. तासाभरानं आले तेव्हा कॅरियरला तेच पार्सल बांधलेलं होतं. ऑफिसातल्या पोराला म्हणाले होते, माझंच हाय, थोडं राहिलंय, उद्या देतो.

मी ताईला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. ती ओरडली नाही. तिनं सायकल धरली आणि सरांच्या वाटेत उभी राहिली.

"काय राहिलंय, बाबा?"

"पाय."

"पाय न्हाई. खरं सांगा."

सर सुतळी सोडवत होते. गाठ सुटेना. "माझ्या हातचं लोकांच्या घरात जायलंय," ते म्हणाले. "मी तिथं असणार न्हाई. कुणाच्या अंगावर पडलं तर?"

"आजी भिंतीखाली गेली," ताई म्हणाली. "हे डेस्क हाय. डेस्काखाली कोण मरतंय?"

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण अंगण लहान होतं. सरांनी सुतळीवरचा हात काढला. मग माझ्याकडं बघत, जणू मीच विचारलं होतं अशा सुरात, त्यांनी सांगितलं.

औशाच्या पलीकडं त्यांचं गाव. नोकरी लागल्यावर त्यांनी घराला एक नवी खोली जोडली होती. गवंड्याबरोबर स्वतः दगड रचले. रुंद भिंती, दगड आणि माती, वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत. गावात तशीच घरं बांधायचे. आईला उन्हाळा सोसायचा नाही, म्हणून त्यांनी माळवदावर आणखी मातीचा थर चढवला. खोली गार झाली. गावातले लोक बघायला यायचे. सरांनी आईला विचारलं, कशी झाली? आई म्हणाली, झाली बघ एकदाची मनासारखी. गणपती बुडवायच्या रात्री सर शाळेतल्या पोरांबरोबर होते आणि शाळेच्याच ओसरीवर झोपले. बायको-मुलगी माहेरी. पहाटेआधी जमीन हालली. आई नव्या खोलीत होती.

"जुनी खोली अर्धी उभी होती," सर म्हणाले. "माझी बसली खाली."

मग ताईनं पार्सल सायकलवरून उतरवलं नाही; सायकल तशीच फिरवली आणि कुरिअरला घेऊन गेली. सर तिच्याकडं बघत उभे राहिले. अडवलं मात्र नाही.

त्यानंतर डेस्कं जाऊ लागली. फार नाहीत, पण घर चालावं इतकी. अंबाजोगाई, उदगीर, नांदेड, एक तर थेट नाशिकला गेलं. मिस्त्रीचाचांनी मदतीला आपल्या जावयाला घेतलं. सर पार्सलाच्या कामात नसत. मोबाईल वाजला की ते तो पालथा ठेवत. प्रत्येक डेस्क बांधण्याआधी मात्र त्यावर स्वतः बसून बघायचे. पाय मिटून, उघडून, पुन्हा मिटून. हळूहळू जेवताना दोन घास जास्त खाऊ लागले, असं ताई म्हणायची. मला काही फरक दिसत नव्हता.

आणि मग नांदेडहून फोन आला. तो नेमका सरांनीच उचलला, कारण ताई भाजीला गेली होती. पलीकडून एक बाई बोलत होती आणि तिचा आवाज मला माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत होता. तिची मुलगी डेस्क मिटत असताना पाय झटकन आत आला होता. बोट चेंबटलं. नख काळंनिळं झालं, डॉक्टरकडं न्यावं लागलं.

सरांनी पत्ता विचारला. नंतर फोन खाली ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बसले. ताई आली तेव्हा एवढंच म्हणाले, "लागलं ना कुणाला तरी." मिस्त्रीचाचा म्हणाले, "सर, दरवाजातबी बोट सापडतं लोकांचं. दरवाजे बंद करायले का कुणी?" सर म्हणाले, बंद करा. पान बंद करा, लाकूड परत द्या. मी नांदेडला जाऊन ते डेस्क घेऊन येतो.

जिल्ह्याबाहेर जायची बंदी तेव्हा उठली होती. ताईनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं. एसटीत प्रत्येक सीटवर एकच माणूस, तोंडाला रुमाल. सर खिडकीबाहेर बघत होते. लोह्याच्या पुढं एकदाच बोलले. "उजवा हात असंल तर लिवता येणार न्हाई तिला."

उजवाच हात होता. जुन्या नांदेडात नदीच्या अंगाला एका अरुंद बोळात घर. दारात रिक्षा उभी. मुलीचे वडील रिक्षा चालवत. आईनं आम्हाला दारातच धरलं.

"बोटं तोडायचं मशीन विकून राह्यले का तुम्ही? दहावीचं वर्ष हाय लेकीचं!"

सर चप्पल काढून उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे होते. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "डेस्क न्यायला आलो. पैसे आणलेत."

बाईला भांडायचं होतं आणि समोर भांडणारं कोणी नव्हतं. ती बाजूला झाली. आत मुलगी भिंतीला टेकून बसली होती. बोटाला जाड पट्टी. पुढ्यात तेच डेस्क, त्यावर मोबाईल उभा, आणि ती उरलेल्या बोटांत पेन धरून गणित उतरून घेत होती. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. शेजारी तिची धाकटी बहीण त्याच फळीच्या कोपऱ्यावर वही दाबून बसली होती आणि दोघींचं कोपरानं ढकलणं चालू होतं.

सर तिच्यासमोर खाली बसले. "दाखव बोट."

तिनं दाखवलं. ते त्यांनी लांबूनच पाहिलं, हात लावला नाही.

"मी हे घेऊन जातो, माय," ते म्हणाले. "नीट झालं न्हाई."

मुलीनं दोन्ही हात फळीवर ठेवले. "मंग मी कशावर लिहू?"

"हे चांगलं न्हाई. तुला लागलं."

"मिटताना लागलं. लिहिताना कुठं लागून राह्यलं?" ती म्हणाली. "आता मी ते मिटतच नाही. तुम्हाला करायचं तर इथंच करा. पण लवकर. तीन वाजता माझा पेपर हाय ऑनलाईन."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी डेस्क उलटं केलं. पाय जिथं आत येऊन बसत होता तिथं बोट फिरवलं, पाय सोडला, पुन्हा सोडला. दर वेळी तो खट्कन बंद व्हायचा आणि दर वेळी सरांचे डोळे मिटायचे. मग ते उठून दारात गेले आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "जुनी ट्यूब हाय का रिक्षाची?"

होती. सरांनी रबराची जाड पट्टी कापली आणि पाय बसायच्या जागी छोटे खिळे मारून बसवली. हातोडा शेजाऱ्यांचा. पट्टी काळी, एका बाजूला वाकडी, खिळ्यांची डोकी वर आलेली. अंगणात असती तर सरांनी ती तासाभरात उपटून टाकली असती. पाय सोडला. तो आला, रबरावर दबला आणि बोटभर फट ठेवून थांबला. त्यांनी स्वतःचं बोट त्या फटीत घातलं आणि पाय पुन्हा वरून सोडला. मग जोरात सोडला. मुलीची आई बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आमच्यासाठी चहा टाकला.

मुलगी पुन्हा लिहायला बसली. बहिणीनं लगेच आपला कोपरा धरला.

"सर," मुलगी मान वर न करता म्हणाली, "असं आणखी एक मिळंल का? ही रोज माझ्यावाल्यावर येऊन बसून राह्यली."

आईनं चुलीजवळून आवाज दिला. "हाव, द्या आणखी एक. पण हे रबर लावूनच द्या."

मी सरांकडं पाहिलं. पान बंद होतं, लाकूड परत द्यायचं ठरलं होतं, हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सर खिळे, पक्कड, उरलेलं रबर गोळा करत होते. ते थांबले. कानामागची पेन्सिल काढली, धाकटीसमोर बसले आणि मोजपट्टी नव्हती म्हणून स्वतःच्या वितीनं तिच्या कोपराची उंची मोजली.

"रंग कोणता पाहिजे?" त्यांनी तिला विचारलं.

तोपर्यंत आम्ही एकाही डेस्कला कधी रंग दिलेला नव्हता.